लाईट गेल्यावर रडणारं बाळ

१

बाळ गेलं होतं, पेपरात तसं छापूनही आलं होतं. पण त्याची माती कुठं केली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेच विचारायला रंगुबाई बारामतीला आल्या होत्या. ‘दैनिक नीराकाठ’ची कचेरी एका सायकलच्या दुकानावर होती. जिना चढून आल्याचा दम त्यांना लागला होता. अंगावर नर्सची पांढरी साडी, हातात घडी घालून मऊ पडलेलं कात्रण. संपादक साहेबरावांनी, म्हणजे तात्यांनी, चष्म्यावरून पाहिलं आणि खुर्ची दाखवली. बाई बसल्या नाहीत.

“मी जाब विचाराया आले न्हाय,” त्या म्हणाल्या. “लोकांनी उपकेंद्राच्या काचा फोडल्या, त्याचं बी काय न्हाय. मला घरी बसवलंय, चौकशी लागलीय, व्हायचं ते हुईल. मला त्या लेकराच्या मातीवर डोकं टेकायचं हाय. कुठं पुरलं तेवढं सांगा.”

“बाई, आम्हाला कसं ठाऊक असणार?” तात्या म्हणाले. “बातमी आली, छापली.”

कोपऱ्यात तेजश्री प्रुफं तपासत होती. ती इंदापूरची. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर ती इथं लागली होती. ‘शास्त्राचं काही आलं की तुझ्याकडे,’ असं तात्यांनी तिला सांगितलं होतं. आजवर शास्त्राचं असं एकच काही आलं होतं, तेही नेमकं तिच्या सुट्टीच्या दिवशी.

तिनं कात्रण हातात घेतलं. ‘लसीने घेतला चिमुकल्याचा बळी!’ खाली लिहिलं होतं की वरकुट्याजवळच्या वस्तीवर ऋषिराज या दहा महिन्यांच्या बाळाचा, गोवराची लस टोचल्यानंतर, मृत्यू झाला आणि तालुक्यात संतापाची लाट आहे. तिनं मजकूर पुन्हा वाचला. डॉक्टरचं नाव नाही, आईबापाचा शब्द नाही, वस्तीवरच्या एकाही माणसाचं म्हणणं नाही. बातमीत मेलेलं बाळ होतं आणि संताप होता. त्या दोहोंच्या मधलं माणूस कुठंच नव्हतं.

“मावशी, त्या दिवशी किती मुलांना लस दिली?”

“पाच जणांना. एकाच बाटलीतली. दरेकाला सुई वेगळी.”

“बाकीची चार?”

“खेळत्यात.”

“मग बाटलीत दोष असता तर—”

“तेवढं मला बी कळतं गं पोरी. पर तो गेला न्हवं? माझ्याच हातची सुई घेऊन गेला.” रंगुबाईंनी कात्रणाकडं बोट केलं. “मी मारलं का त्याला, तेवढं मला कळाया पायजे. मग नोकरी ऱ्हावो न्हाय तर जावो.”

तात्यांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग तेजश्रीला हळूच म्हणाले, “अंक निघाला की त्याची रद्दी होते. रद्दी उकरून काय मिळतं? झुरळं.”

पण रंगुबाई तिच्याकडेच बघत होत्या. “तान्ही पोरं आमच्याकडं माळावर पुरत्यात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकत्यात. मी सगळा माळ पालथा घातला. ताजी माती न्हाय, फांदी न्हाय. घरच्यांना विचारलं तर दार लावून घेत्यात.”

मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“अन् तिसांजंला त्या उसात पोर रडतंय. आपल्यात असलं मानत न्हाईत, तुला ठाव हाय. मी बी मानत न्हाय. पर ह्या कानांनी ऐकलंय.”

२

बातमी पाठवली होती बावड्याच्या वार्ताहरानं, रविंद्रनं. वरकुट्याची बातमी बावड्याहून का आली? हा पहिला खडा तेजश्रीच्या दाताखाली आला होता. पुढच्या सुट्टीला तिनं थेट बावडा गाठलं.

रविंद्रचा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात बसून तो दुसऱ्यांचे फोन ऐकत असे, आणि त्यातूनच त्याला निम्म्या बातम्या मिळत, असं गाव म्हणे. तेजश्रीचं नाव ऐकताच त्यानं बाह्या सावरल्या.

“मॅडम, मी खोटं लिहीत न्हाय. पोराचं आजोळ हितंच हाय, आमच्या मागच्या आळीत. सकाळी दूधगाडीवाल्यानं सांगावा आणला, ‘तुमचा ऋषिराज गेला.’ सगळं घर ऊर बडवाया लागलं. मी स्वतः गेलो. आजीला इचारलं, काय आजार होता? ती म्हणाली, आजार कसला, परवाच तर सुई दिली होती. झालं. तेवढंच लिहिलं अन् दहाच्या एसटीनं पाकीट धाडलं.”

“लसीनंच मेला, असं आजी म्हणाली?”

“न्हाय. मी बी तसं लिहिलं न्हाय. ‘लस दिली होती, नंतर दगावला’ असं लिहिलं. बळीबिळी तिकडं, तुमच्या बारामतीत. अन् संतापाची लाटसुद्धा.” तो जरा हसला. “लाट तर दुसऱ्या दिवशी पेपर वाचून आली.”

“वरकुट्याला गेला होतात?”

“आजोळ रडतंय म्हटल्यावर वरकुट्याला कशाला जाऊ? कुणी खोटं रडतं का?”

तेजश्रीला ते पटलं, आणि पटल्याचं वाईट वाटलं. म्हणजे हे पोर खरंच गेलं होतं. ती उठली. तेवढ्यात बूथच्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली रविंद्रची आई, छबूबाई, तोंडातली मिश्री थुंकून म्हणाली,

“रडत्यात की. पर दुपारपतुर रडत्यात का कुठं?”

“आई, तू गप,” रविंद्र म्हणाला.

“का गप? पोराचा मामा मोटरसायकलवर वरकुट्याला निघाला, माती गाठायची म्हणून. तासाभरात माघारी आला अन् दार लावून काय कुजबुजला. मग सगळं चिडीचूप. बरं, दुःखानं माणूस गप हुतं, समजलं.” छबूबाईनं सूप आपटलं. “पर सांजच्याला वास कसला आला म्हणतीस? त्या घरात भजी तळली, बाई! सकाळी नातवाच्या नावानं ऊर बडवला अन् सांजच्याला कढई चढवली. मी म्हातारी झाले, पर असलं सुतक बघितलं न्हाय.”

३

वस्तीवर पोचायला तिला उन्हं कलली. वाट दाखवायला आलेल्या रंगुबाई ओढ्यापाशीच थांबल्या; पुढं आलं की लोक दगड हातात घेतात, म्हणाल्या.

वस्ती म्हणजे शेजारशेजारची दोन घरं, थोड्या अंतरावर आणखी काही, आणि चहूबाजूंनी ऊस. उसाला तुरे आले होते. दूरवर कुठंतरी विहिरीवरची मोटार घरघरत होती. लांबच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळीनं राहायला पाचटाच्या कोप्या टाकल्या होत्या, त्यांचा धूर दिसत होता.

पहिल्या घरासमोर एक म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ही फुलाबाई. नातीचं नाव पायल. पोरीचं नाक वाहत होतं, डोळे पाणावलेले होते. सर्दी असावी, असं तेजश्रीला वाटलं.

“हिला दिली का लस?”

“न्हाय बाई. त्या खेपेला नर्सबाई म्हणाली, नऊ महिनं भरलं न्हाईत, पुढल्या खेपेला आन. पुढली खेप आलीच न्हाय. काचा फोडल्या, कुलूप लागलं.” फुलाबाईनं पदरानं पोरीचं नाक पुसलं. “बरं झालं म्हणायचं. न्हाय तर आमची बी गेली असती, शेजारच्यासारखी.”

“त्याची माती कुठं केली, आजी?”

फुलाबाईचा हात थांबला. “आमाला बोलावलं न्हाय. भिंतीला भिंत लागून घर, पर रडल्याचा आवाज बी आला न्हाय. पेपरात वाचून कळलं.” मग तिनं उसाकडं पाहिलं. “पर आता तो रडतोय. रोज न्हाय. लाईट गेली की. लाईट हाय तवर गप. अंधार झाला की सुरू.”

“अंधार झाला की, का लाईट गेली की?”

“म्हंजे?”

“भर दिवसा लाईट गेली तर?”

फुलाबाई विचारात पडली. “परवा दुपारी गेली होती. व्हय गं. ऊन होतं की चांगलं. तवा बी रडला.” तिनं पायलला छातीशी धरलं. “उजेडाला बी भीत न्हाय म्हणायचं ते.”

शेजारच्या घरी ऋषिराजचा बाप, मानसिंग, ओट्यावर बैलाच्या दोरखंडाला पीळ देत बसला होता. पेपरवाली म्हटल्यावर हा अंगावर येईल, असं तेजश्रीला वाटलं होतं. तो अंगावर आला नाही. उलट अंग चोरून बोलला.

“झालं ते झालं. आमचा कुणावर राग न्हाय. नर्सबाईवर बी न्हाय. त्यांची नोकरी राखा म्हणावं, आमी काय तक्रार दिली न्हाय.”

“ज्यांच्या सुईनं पोर गेलं, त्यांच्यावर राग नाही?”

मानसिंगनं दोरखंडाला नको इतका पीळ दिला. “नशीब आमचं.”

“माती कुठं केलीत, दादा?”

“नदीवर,” तो म्हणाला, आणि लगेच, “म्हंजे, नदीच्या वाटंवर.”

दारात त्याची बायको माधवी उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, एक शब्द नाही. पण चोळी पुढून ओलसर होती, आणि ते लपवायला ती पुन्हा पुन्हा पदर ओढत होती. ओट्याच्या कोनाड्यात एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी तांब्याची ताटली. ताटलीखाली जमलेलं काजळ ओलं, ताजं होतं.

अंगणात एका खांबाला मेलेला कावळा उलटा टांगला होता.

“हे कशाला? वाळवणाला कावळे येतात का?”

“व्हय,” मानसिंग म्हणाला.

अंगणात वाळवण नव्हतं. दाणा नव्हता, कुरडई नव्हती, मिरची नव्हती. झाडलोट केलेलं रिकामं अंगण, आणि त्याची राखण करणारा मेलेला कावळा.

“तुमच्या आई कुठं आहेत?”

“मोटारीवर. लाईट येती-जाती. बसाया लागतं कुणीतरी.”

कुंपणापलीकडून फुलाबाई ओरडली, “तिला बसवून काय उपेग? प्रयागबाईला स्टार्टरचं हिरवं बटन कुठलं अन् लाल कुठलं ते ठाव न्हाय!”

मानसिंग गर्रकन वळला. तो काही बोलणार, तेवढ्यात घरातला पिवळा बल्ब विझला. दूरची घरघर थांबली. अशी शांतता पडली की उसाच्या पात्यावर पातं घासल्याचं ऐकू यावं.

आणि त्या शांततेत, उसाच्या पोटातून, बाळ रडलं.

फुलाबाईनं दार लावून घेतलं. माधवी दारातून दोन पावलं पुढं आली, नवऱ्यानं डोळे वटारले तशी थांबली. तिच्या चोळीवरचा ओलेपणा पसरत गेला.

४

त्या संध्याकाळी रंगुबाईंच्या खोलीत दोघी रॉकेलच्या दिव्याशी बसल्या. फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावला होता. रंगुबाईंनी भाकरी वाढली, पण स्वतः घास घेतला नाही.

“ऐकलंस न्हवं?” त्या म्हणाल्या.

“ऐकलं.”

“मग?”

तेजश्रीनं भाकरीचा घास मोडला. वस्तीवर तिच्या अंगावरही काटा आला होता. तो तिनं नाकारला नाही. पण महाविद्यालयात तिला एक सवय लागली होती. जे घडतं ते कधी घडतं यापेक्षा, त्याच वेळी दुसरं काय घडतं, ते बघायचं.

“मावशी, तोडणीला आलेल्या उसाला पाणी देतात?”

“छे. महिनाभर आधीच बंद करत्यात. न्हाय तर साखर उतरत न्हाय. का गं?”

“मानसिंगच्या उसाला तुरे आलेत. पलीकडं टोळी येऊन बसलीय. आणि दिवसभर मोटार चालू आहे. मी येताना पाहिलं, सरीत पाणी तुंबलंय.”

रंगुबाईंच्या कपाळाला आठी पडली. “येडाय का तो?”

“आणखी एक सांगा. बाळ गेलं की आईचं दूध किती टिकतं?”

“छाती दगडासारखी हुती दोन-चार दिस, ताप येतो. पाजलं न्हाय की आटतं हळूहळू. इतकं दिस न्हाय टिकत.” त्या थबकल्या. “माधवीचं…?”

“रडणं कानावर पडताच चोळी भिजली.”

रंगुबाईंनी दिव्याची वात उगाचच वर केली. “स्पष्ट बोल, पोरी. मला आशा लावून मागं घिऊ नगंस.”

“सकाळी बोलते. तोंडानं नको, तुमच्या डोळ्यांनीच बघा. पण एक कोडं अजून सुटलेलं नाही. हे सगळं का? कोणी आपलं पोर मेलं म्हणून का सांगेल? भजी तळण्याइतका आनंद, आणि एवढं लपवणं. आणि तो कावळा…”

ती बोलता बोलता थांबली. तिला तिची आजी आठवली. तेजश्रीच्या वडिलांनी असल्या गोष्टी घरातून केव्हाच हद्दपार केल्या होत्या. पण आजी त्यांच्या नकळत सांगायची. कावळ्याच्या गोष्टी.

“काय झालं?” रंगुबाईंनी विचारलं.

“काही नाही,” तेजश्री म्हणाली. “आजच्या कोड्याचं उत्तर माझ्या आजीला आलं असतं.”

५

सकाळी लाईट होती. विहिरीकाठी पत्र्याची खोली, तिच्या भिंतीला स्टार्टरची लोखंडी पेटी. मोटार कानठळ्या बसवत होती. दोघींना उसातून येताना पाहून मानसिंग धावतच आडवा आला.

“हितं काय काम हाय तुमचं? अन् ही बाई कशाला आणली?”

“दादा, एकच विनंती आहे,” तेजश्रीला ओरडूनच बोलावं लागलं. “मोटार बंद करा.”

“उसाला पाणी चाललंय.”

“तोडणीच्या उसाला?”

मानसिंगची नजर सरीत तुंबलेल्या पाण्याकडं गेली.

“तुमच्या शेतातलं बाळ लाईट गेली की रडतं म्हणतात. ते लाईट असतानाही रडतं, दादा. फक्त मोटारीपुढं ऐकू येत नाही. तुम्ही उसासाठी नाही, आवाजासाठी मोटार चालवताय. बंद करा, नाहीतर मी करते. लाल बटण मला ठाऊक आहे.”

तो हलला नाही. रंगुबाईंनीच पुढं होऊन पेटी उघडली आणि बटण दाबलं.

घरघर उतरत गेली, थांबली. पत्र्याच्या खोलीतून किरकिर ऐकू आली, मग एक म्हातारा आवाज, “अरं मोटार का बंद केलीस? उठलं न्हवं का ते!” आणि दार लोटून प्रयागबाई बाहेर आल्या. कडेवर गुटगुटीत पोर. डोळ्यांत काजळ, गालावर ही एवढी तीट.

रंगुबाई दोन पावलं पुढं झाल्या. पोरानं त्यांच्याकडं टकमक पाहिलं आणि नर्सची पांढरी साडी ओळखून ओठ काढला.

“सुई आठवली मेल्याला,” रंगुबाई म्हणाल्या, आणि हसता हसता हमसून रडू लागल्या.

प्रयागबाईंनी पोराला पदराआड घेतलं. “अमावास्येपतुर तरी थांबायचं व्हतं गं बायांनो. इतकं निभावलं, आता नजर लागली.”

“कावळा शिवला होता ना, आजी?” तेजश्रीनं विचारलं.

म्हातारी दचकली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कुणीतरी ओझ्याला हात लावल्यासारखा.

“तुला ठाव हाय व्हय? सुईचा बारीक ताप आलता, म्हणून अंगणात उन्हाला निजवला. मी धुणं वाळत घालते तवर कावळा येऊन टाळूवर बसला. टाळूवर! मग राहतंय काय? खोटं मरण कळवलं, कुणी रडलं, की खरं टळतं. माझ्या सासूनं माझ्या नवऱ्याचं असंच टाळलं होतं. दूधगाडीवाल्याजवळ सांगावा धाडला, आजोळ रडलं, पोराच्या मामाला वाटंतच गाठून खरं सांगितलं. तितंच मिटलं असतं. अमावास्या होईस्तोवर पोर कुणाच्या नजरंला पडू द्यायचं न्हाय, बस.”

“पण पेपरात आलं,” तेजश्री म्हणाली.

“आलं की!” प्रयागबाईंचे डोळे चमकले. “मानसिंग घाबरला. म्हणाला, खोटी खबर दिली म्हणून पोलीस धरतील. मी म्हटलं, गप बस येड्या. सांगाव्यानं एक घर रडतं. पेपरानं सगळा तालुका रडवला. एवढ्या लोकांनी हळहळ केल्यावर माझ्या नातवाकडं मरण शंभर वर्सं फिरकत न्हाय. तुमच्या पेपरानं माझं काम केलं, बाई.”

“आणि ह्यांचं?” तेजश्रीनं रंगुबाईंकडे बोट दाखवलं. “ह्यांना वाटत होतं, आपण मूल मारलं.”

प्रयागबाई खाली बघू लागल्या. मानसिंगनं टोपी काढून हातात धरली. “नर्सबाई, आमी तक्रार दिली न्हवती…”

“त्यानं झोप येत न्हाय, मानसिंगराव,” रंगुबाई म्हणाल्या. पण त्यांचा राग टिकला नाही. त्यांनी हात पुढं केले. म्हातारीनं क्षणभर विचार केला, आणि पोर त्यांच्या हातात दिलं. रंगुबाईंनी दंडावरची जागा शोधली, त्यावरून अंगठा फिरवला. तिथं काहीच नव्हतं.

परतताना त्यांची चाल बदलली होती. फुलाबाईच्या दारापाशी त्या स्वतःहून थांबल्या. “फुलाबाई, तुझं भूत घरी आलं गं! जा, बघून ये!” असं म्हणत त्या आत वाकल्या. आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

पायल गोधडीवर निपचित होती. डोळे लाल. रंगुबाईंनी तिच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथून मानेवर, मानेवरून छातीवर, लाल पुरळ उतरत आलं होतं.

“कवापासून हाय हे?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

६

दुसऱ्या दिवशी ‘नीराकाठ’नं आठ कॉलमी मथळा दिला: ‘मेलेले बाळ उसात जिवंत सापडले!’ अंक दुपारच्या आत संपला. तेजश्रीनं बातमी सविस्तर लिहिली होती. लसीनं काहीच झालं नव्हतं, एकाच बाटलीतली पाचही मुलं धडधाकट आहेत, रंगुबाईंना त्याच दिवशी कळलं तसा टोळीच्या कोप्यांत गोवर आलाय, मुलांना लवकर टोचून घ्या. छापलं गेलं ते भूत, कावळा आणि मोटार. लसीचा परिच्छेद शेवटी होता, आणि शेवटाला वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आली.

“जागा नव्हती, पोरी,” तात्या म्हणाले. “आणि खरं सांग, तो परिच्छेद कुणी वाचला असता?”

“पहिल्या बातमीतली लस तर सगळ्यांनी वाचली.”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. “ती मथळ्यात होती.”

रंगुबाईंना कामावर घेतलं गेलं. उपकेंद्राचं कुलूप निघालं. त्यांनी पायलला त्याच दिवशी इंदापूरच्या दवाखान्यात पोचवलं होतं, पण गोवर छातीत उतरला होता. चार दिवस पोर धापा टाकत राहिलं. मग गेलं.

तेजश्रीनं तीही बातमी लिहिली. तात्यांनी ती वाचली, बराच वेळ हातात धरली.

“गोवरानं पोर गेलं ही बातमी होत नाही, तेजश्री. दर साली जातात. लसीनं गेलं असतं तर…” ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “दोन ओळी कर. आतल्या पानावर बघू.”

दोन ओळी झाल्या. आतल्या पानावर जागा झाली नाही.

रविवारी ती वस्तीवर गेली. ह्या वेळी माती कुठं केली ते विचारावं लागलं नाही. माळावर लहानसा उंचवटा लांबूनच दिसत होता, वर बाभळीच्या हिरव्या फांद्या. रंगुबाई तिथं आधीच पोचल्या होत्या. वाऱ्यानं सरकलेली एक फांदी त्या पुन्हा बसवत होत्या आणि बोटाला रुतलेला काटा काढायचं त्यांना सुचत नव्हतं. फुलाबाई थोडी दूर, गुडघ्यांना मिठी घालून बसली होती.

प्रयागबाईही आल्या. एकट्याच. जवळ न येता बांधावरच थांबल्या, आणि त्यांनी तेजश्रीला खुणेनं बोलावलं. काही दिवसांतच त्यांचा चेहरा सुकला होता.

“तू शिकलेली हायीस,” त्या कुजबुजल्या. “एक सांग. टळलेलं मरण जातं कुठं?”

तेजश्रीला उत्तर ठाऊक होतं. इतकं नेमकं उत्तर तिला कुठल्याच परीक्षेत आलं नव्हतं. कावळा, दूधगाडी, पाकीट, मथळा, दगड, कुलूप, हुकलेली खेप. एकाही दुव्यात भूत नव्हतं, आणि कुठलाही दुवा निखळला असता तरी पायल वाचली असती.

“शेजारी गेलं, आजी,” ती म्हणाली. “तुम्ही सोडलं. आम्ही वाट दाखवली.”

प्रयागबाईंनी मान हलवली. त्यांनाही तसंच वाटत होतं. दोघींचा अर्थ वेगळा होता, आणि तरी तो एकच होता.

उन्हं उतरली. खाली वस्तीवर दिवे लागले आणि लागले तसे गेले. शिवारातल्या मोटारी एकामागून एक थांबल्या. माळापर्यंत शांतता चढत आली, आणि त्या शांततेत वस्तीवर बाळ रडलं. ऋषिराज होता. आईच्या मांडीवर, घरात, भुकेला. ते आता सगळ्यांना ठाऊक होतं.

फुलाबाई उठली. पदर सावरला, आणि आवाजाच्या दिशेनं उतार उतरू लागली.

“आले गं, बाय,” ती म्हणत होती. “आले, आले.”